फट

पहाटे साडेपाचला फाटकापाशी
गाडी चार्जरवरून सोडवतो.
गोल्फ कार्ट म्हणतात तिला. गोल्फ इथे कुणी खेळत नाही.
गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षांचे मांडव,
मांडवांपलीकडे पाहुण्यांच्या खोल्या,
आणि फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत दीड किलोमीटर.
तेवढ्या दीड किलोमीटरची माझी नोकरी.

पेपरात येतं : निफाडला पारा सहावर.
कार्टमध्ये कितीवर, ते कोणी मोजत नाही.

पुढे काच आहे. दोन तुकड्यांत.
वरचा तुकडा बिजागरीवर दुमडतो, उन्हाळ्यात बरं.
आता मात्र तुकड्यांच्या मधून,
खांबांच्या कडांनी, बुडाच्या सांध्यातून
वारा येतो वसुलीला आलेल्या माणसासारखा,
चपला न काढता, सरळ आत.

उघड्यावरचा वारा सगळ्यांचा असतो.
फटीतला मात्र पत्ता विचारून आल्यासारखा
नेमका गुडघ्यावर.

हलीमाबी शेजारी बसतात.
कानात कापूस, त्यावर कानटोपी, त्यावर ओढणी.
पाहुण्यांचे पोहे त्यांच्या हातचे.
"लभडेभाऊ, तुमची काच फक्त मलाच ओळखते,"
म्हणाल्या एकदा. हसल्या,
पण हात डाव्या गुडघ्यावरून काढला नाही.

आधी चिकटपट्टी लावली. दवाने सुटली,
सकाळी वाऱ्यावर जिभेसारखी वाजत होती.
मग पेपराची गुंडाळी. निफाडचा पारा त्यात भिजून गेला.
मग जुन्या गादीतला फोम,
तो निम्मा उंदरांनी आधीच नेलेला.

शेवटी भद्रकालीत, सायकलीच्या दुकानात
ट्यूब मागितली. पंक्चर झालेलीच द्या म्हटलं.
दुकानदाराने वर पाहिलं,
"भोकाची ट्यूब घेऊन करणार काय?"
म्हटलं, भोक बुजवणार.

घेवड्याची शेंग सोलावी तशी ट्यूब उभी चिरली,
काचेच्या कडेवर चढवली.
खांबांना एसीच्या नळीवरचं काळं नरम आवरण,
बुडाशी माझ्याच मफलरची सुरळी.
मग उदबत्ती पेटवून कडेकडेने फिरवली.
धूर वाकेल तिथे वारा.
तीन जागी वाकला. तीन जागी पुन्हा ट्यूब.
चौथ्या फेरीला धूर सरळ उभा राहिला
शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसा.

दुसऱ्या पहाटे निघालो
आणि आवाजच गेला.
बॅटरीच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो.
होता तो सगळा वाऱ्याचाच.
कळलं, इतके महिने आम्ही बोललोच नव्हतो,
वाऱ्यावरून ओरडत होतो.

हलीमाबी हळूच म्हणाल्या,
"आमची शबाना सटाण्याला नर्स झाली. सरकारी दवाखान्यात."
कधी?
"जुलैत."
आता डिसेंबर.
रोज शेजारी बसवून आणतो मी त्यांना.

त्या सांगत राहिल्या. पहिला पगार, भाड्याची खोली,
रात्रपाळी, खोलीवर नसलेलं गरम पाणी.
काच पांढरी होत गेली.
आमच्याच श्वासांनी.
आधी मांडव गेले, मग वळण गेलं.
गारठ्यातून घड वाचवायला कुणी पेटवलेल्या शेकोटीचा
लाल ठिपका तेवढा उरला.
ब्रेक दाबला.
त्यांनी ओढणीने काच पुसली. पुन्हा धुरकटली. पुन्हा पुसली.
"बोलायचं की बघायचं," त्या म्हणाल्या,
"एक काय ते ठरवा."

उतरलो. खिशातल्या चाकूने
माझ्या बाजूची ट्यूब वरून कापली,
दोन बोटं. तीन नाही.

वारा आला. माझ्या उजव्या कानाशी
अंग चोरून बसला.
काच खालून वर निवळत गेली.
वळणाचा चुना मारलेला दगड दिसला,
मग रस्ता.

"सटाण्याला थंडी किती असते हो?"
विचारलं मी,
न ओरडता.